दोन उतारे समोर ठेवून : साम्य-भेद शिकवतानाचा माझा अनुभव

आठवीच्या वर्गात अपठित उतारा दिला की माझी मुलं घाबरत नाहीत. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आसपासचं वाक्य उचलायचं, की झालं उत्तर. पण एकाखाली एक दोन छोटे उतारे देऊन ‘दोन्हींतील साम्य व भेद लिहा’ म्हटलं, की ही युक्ती चालत नाही. उचलायला आयतं वाक्यच नसतं. मग वहीत हमखास दिसतं ते असं : ‘पहिल्या उताऱ्यात असे सांगितले आहे. दुसऱ्या उताऱ्यात तसे सांगितले आहे.’ दोन सारांश झाले, तुलना झालीच नाही. हुशार मुलंही इथेच अडकतात, म्हणून मी यंदा यावर हटून बसायचं ठरवलं.

उतारे लोणारवर घेतले. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, सहलीला किंवा लग्नकार्याच्या निमित्ताने बहुतेकांनी ते सरोवर पाहिलेलं. विषय ओळखीचा असला की सगळं लक्ष मांडणीवर देता येतं. दोन्ही उतारे मीच लिहून झेरॉक्स काढल्या. पहिल्यात दंतकथा होती : लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखालच्या विवरात राहायचा, विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून त्या जागेची माहिती काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने विवरावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, क्षार म्हणजे त्याचं मांस. दुसऱ्या उताऱ्यात भूगोल : सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्ट खडकातलं, उल्कापाताने झालेलं विवर. बराच काळ ते ज्वालामुखीचं मानलं जायचं. जबर आघातानेच तयार होणारं काचेसारखं द्रव्य इथल्या खडकात सापडल्याचं १९७३ साली प्रसिद्ध झालं आणि उल्केची बाजू भक्कम झाली.

फळ्यावर तीन रकान्यांचा तक्ता काढला. डावीकडे पहिला उतारा, उजवीकडे दुसरा, मध्ये ‘मुद्दा’. अट एकच : मधला रकाना भरल्याशिवाय बाजूच्या रकान्यांत काही लिहायचं नाही. आणि मुद्दा लिहायचा तो प्रश्नाच्या रूपात, दोन्ही उताऱ्यांना विचारता येईल असा. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. ‘राक्षस’ हा मुद्दा होत नाही, कारण दुसऱ्या उताऱ्यात राक्षस नाहीच. ‘हा खड्डा कशामुळे झाला?’ हा होतो.

सुरुवातीला वर्ग गप्प. मग खिडकीजवळच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, ‘पाणी खारं का?’ हा चालंल का?” चालेल काय, इतका चांगला मुद्दा मलाही सुचला नव्हता. डावीकडे आलं, दैत्याच्या रक्तामांसामुळे. उजवीकडे आलं, पाणी आत येतं पण बाहेर जायला वाट नाही, उन्हाने वाफ होते आणि क्षार मागे राहतात. तोवर सगळ्यांचं ठाम मत होतं की या दोन उताऱ्यांत साम्य काहीच नाही. ही ओळ भरल्यावर तीच मुलगी म्हणाली, “पाणी खारं हाये, हे दोघाईनं पाह्यलं.” पाठोपाठ दुसऱ्याने झाकण पकडलं : विवर गोल आहे हेही दोघांना दिसलंय, म्हणून तर कथेत झाकण आलं. दंतकथा रचणाऱ्यांनी काठावर उभं राहून तेच पाहिलं होतं, जे शास्त्रज्ञांनी पाहिलं. साम्य निरीक्षणात, भेद कारणात. हे मुलांनी स्वतः काढलं, याचा मला फार आनंद झाला.

पुढचा मुद्दा मी दिला : ‘हे कशावरून कळलं?’ उजवा रकाना भराभर भरला, डावा कोरा. कोरा रकाना मुलांना सलतो, ती काहीबाही लिहून तो भरू पाहतात. मी तिथे ‘उल्लेख नाही’ लिहायला लावलं. एखाद्या उताऱ्याने एखादी गोष्ट न सांगणं हासुद्धा भेद आहे, आणि पुष्कळदा तोच सगळ्यात मोठा असतो. याच्या उलटही करून पाहिलं : ‘यात कोण कोणाशी कसं वागलं?’ आता उजवा रकाना कोरा राहिला.

एकाने लिहिलं, ‘पहिला उतारा खोटा आहे.’ त्यावर वर्गात बरीच चर्चा झाली. लोणारला दैत्यसूदनाचं देऊळ आहे आणि ही कथा त्या देवाची आहे. ती सांगण्यामागचा हेतू वेगळा, भूगोलाच्या माहितीचा वेगळा. हेतू काय, हा तक्त्यातला आणखी एक मुद्दा झाला. निकाल देणं हे तुलनेचं काम नव्हे, हे तेव्हा बोलून घेतलं ते बरं झालं.

तक्त्यावरून वाक्यं करणं मानाने सोपं गेलं. एका वाक्यात दोन्ही उतारे आलेच पाहिजेत, आणि ‘तर’, ‘मात्र’, ‘याउलट’, ‘दोन्हींत’ यांपैकी काहीतरी वापरायचं, एवढंच सांगितलं.

खरी कसोटी दुसऱ्या जोडीत लागली. दोन्ही उतारे आता विज्ञानाचेच. एकात सरोवराचं वय सुमारे ५२,००० वर्षं, दुसऱ्यात सुमारे ५,७०,००० वर्षं. जवळपास अकरा पट फरक. मागच्या बाकावरून लगेच आलं, “मंग खरं कोन्तं?” मी उत्तर न देता तक्त्याकडे बोट दाखवलं. मुद्दा : वय कसं मोजलं? पहिल्यात खनिजाचे कण तापवल्यावर जो प्रकाश निघतो तो मोजून. दुसऱ्यात, आघाताने वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूवरून. मुद्दा : कधीचं आहे? पहिलं १९९७ चं, दुसरं २०११ चं. आकडे भिडवत बसण्यापेक्षा ते कुठून आले हे विचारल्यावर मुलांची वाक्यं बदलली. एका वहीतलं वाक्य इथे देते : ‘दोन्ही उताऱ्यांत सरोवराचे वय मोजून सांगितले आहे, मात्र मोजण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे आकडा वेगळा आला असावा.’ त्यातल्या ‘असावा’ला मी दुहेरी रेघ मारून शाबासकी दिली. उताऱ्यांत कारण दिलेलं नव्हतं, आणि आपण अंदाज करतोय हे त्या मुलाला नेमकं ठाऊक होतं.

गृहपाठाला जून २०२० ची गोष्ट दिली. सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हाच्या बातमीच्या धर्तीवर एक उतारा, त्यात शेवाळ आणि वाढलेली क्षारता अशी संभाव्य कारणं. आणि नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण सांगितलं, त्यावर दुसरा. यात बऱ्याच जणांनी ‘तपासणीआधीचा की नंतरचा?’ हा मुद्दा आपणहून घातला.

अजून एक अडचण उरली आहे. परीक्षेत वेळ कमी असतो आणि तक्ता काढायला जागाही नसते. तिथे पेन्सिलीने समासात नुसते मुद्दे लिहायचे, तीन पुरेत, आणि पहिलं वाक्य साम्याचं करायचं, असा सराव आता चालू आहे. लांब उतारा असला की त्याच्याच बाजूने जास्त लिहिण्याची सवय मात्र अजून सुटलेली नाही. त्यासाठी पुढच्या आठवड्यात एक चार ओळींचा आणि एक पानभर असे दोन उतारे घेणार आहे.