आविष्कार, तुरीची डाळ आणि एक बोनाफाईड

‘आविष्कार’मध्ये उतरायचं असेल तर आधी बोनाफाईड, म्हणजे आपण या कॉलेजात शिकतो असा दाखला, काढून ठेवा, विषय नंतर शोधा. मी उलटं केलं आणि चार दिवस ऑफिसच्या खिडकीत उभी राहिले.

आविष्कार म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचं संशोधन संमेलन, २००६ साली राज्यपाल म्हणजे कुलपतींच्या पुढाकारानं सुरू झालेलं. आधी कॉलेज, मग जिल्हा, मग विद्यापीठ आणि शेवटी राज्य. मानव्यविद्येपासून शेती-पशुसंवर्धनापर्यंत सहा गट असतात. पदवीवाल्यांची स्पर्धा पदवीवाल्यांशीच, त्यामुळे बी.एस्सी.च्या पोरीला पीएच.डी.वाल्यांसमोर उभं करत नाहीत. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दुसऱ्या वर्षालाच नाव दिलं असतं.

माझा विषय आजीनं दिला. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे तिचं लग्न झाल्यापासूनचं म्हणणं (तेव्हा बोअर नव्हता, विहीर होती, पण ते तिला सांगून उपयोग नाही). पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा मऊ होत नाही, हे पुस्तकात होतंच. मी फक्त तीन ठिकाणचं पाणी आणून मोजलं. ५० मिली पाणी, अमोनिया बफर, रंग दाखवायला चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी आणि ब्युरेटमधून थेंब थेंब ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं रसायन. वाईनसारखा लाल रंग जांभळट होतो आणि एका थेंबाला लख्ख निळा. नळाच्या पाण्याला ७ मिली लागलं, बोअरच्या पाण्याला ३७. म्हणजे लिटरला ७४० मिलिग्रॅम कठीणपणा. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानक २०० पर्यंत म्हणतं, दुसरं पाणीच नसेल तर ६००. बोअरच्या पाण्यात उघड्या पातेल्यात डाळीला सव्वा तास लागला, नळाच्या पाण्यात चाळीस मिनिटं. आजी जिंकली.

कॉलेजची फेरी अशीच पार पडली. जिल्ह्याच्या फॉर्मला फोटो लावलेलं बोनाफाईड हवं होतं, शुक्रवार शेवटची तारीख. मी सोमवारी गेले, म्हटलं चार दिवस हातात आहेत.

सोमवारी मॅडमनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि म्हणाल्या, “फी बाकी दिसतेय.” बाकी नव्हती. माझी शिष्यवृत्ती आहे, महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, हप्ता यायचा होता, आणि तो आणणं काही माझ्या हातात नाही. “मग बाकीच झाली ना,” मॅडम म्हणाल्या. गाईडसरांची चिठ्ठी आणली. चिठ्ठी चालत नाही, अर्ज लागतो. अर्ज लिहिला. ओ.एस. सर, म्हणजे ऑफिसचे अधीक्षक, जेवायला गेले होते. ते आले तेव्हा खिडकी बंद.

मंगळवारी अर्ज मंजूर, तर प्राचार्य विद्यापीठात मीटिंगला. प्रभारी सरांनी सही केली, पण गोल शिक्का प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली प्राचार्यांच्या खिशात. सही आहे पण शिक्का नाही, असा कागद घेऊन मी बसस्टॉपवर उभी होते. त्या दिवशी खरंच वाटलं, मरू दे ती डाळ.

बुधवारी शिक्का मिळाला. फोटोवर अर्धा, कागदावर अर्धा, अगदी हवा तसा. आनंदात घरी आले, आईनं वाचलं आणि हसायला लागली. अर्जात मी ‘कु. मृण्मयी’ लिहिलं होतं. टाईप करताना त्याचं झालं होतं ‘कुमार मृण्मयी’. शेजारी दोन वेण्यांचा फोटो.

गुरुवारी नवीन कागद, म्हणजे पुन्हा सही, पुन्हा शिक्का. आणि तो हातात घेऊन निघाले तेव्हा दारातल्या शिपाईमामांनी हटकलं, “ताई, जावक नंबर कुठंय?” जावक रजिस्टरमध्ये नोंद नसली तर त्या कागदाला कुणी विचारत नाही म्हणे. हे चार दिवसांत एकाही खुर्चीवरल्या माणसानं सांगितलं नव्हतं. मामांनी स्वतः आत जाऊन नंबर टाकून आणला. वर सांगितलं की सही हवी असेल तर अकराच्या आत यायचं, चहाबरोबर फाईल आत जाते तेव्हा. सोमवारी सकाळीच मामांना विचारलं असतं तर ही अर्धी कहाणी लिहावी लागली नसती.

जिल्ह्याला नोंदणीच्या टेबलावरच्या सरांनी ते बोनाफाईड दोन सेकंद पाहिलं आणि गठ्ठ्यात टाकलं. मूळ कागद परत मिळत नाही, म्हणून अर्ज करतानाच दोन प्रती मागून घ्या.

पोस्टरचं राहिलंच. आम्हाला मीटर बाय मीटर सांगितलं होतं. तालुक्यात ते छापणारा एकच, वाढदिवसाचे बॅनर करणारा. त्यानं पहिला प्रश्न केला, “फोटो कुणाचा टाकायचा?” फाईल पीडीएफ करूनच न्या, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेटच्या सूत्रातला (CaCO₃) खालचा तीन वर चढून बसतो. माझा बसला होता. पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून झाकला.

तो दिवस मात्र मस्त गेला. डावीकडे कांदाचाळीत हवा खेळवणारा पंखा, उजवीकडे ओव्यांमधली सासू, मध्ये मी आणि माझी डाळ. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला जर्नल पूर्ण आहे का एवढंच विचारतात, इथं अनोळखी माणसं थांबून “मग सोडा टाकला तर?” असं विचारत होती. एका परीक्षकबाईंनी विचारलं, डाळ शिजली हे कसं ठरवलं? मी म्हटलं, बोटांनी चेपून. “बोटं कुणाची? तुझी की आजीची?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीच सांगितलं, काचेवर दाणा ठेवायचा, वर दुसरी काच आणि ठरावीक वजन, दहापैकी किती दाणे सपाट होतात ते मोजायचं. विद्यापीठाच्या फेरीआधी मी सगळे प्रयोग अर्ध्या किलोचं वजन ठेवून पुन्हा केले. बोअरचा सव्वा तास दीड तासावर गेला. माझी बोटं आधी उदार होती.

विद्यापीठात मी होते, पुढे राज्याला नाही. पण परत आले तेव्हा कॉलेजच्या गेटवर भलामोठा फ्लेक्स लागला होता, प्राचार्यांच्या फोटोपेक्षा थोडा लहान माझा फोटो, ‘संशोधनाची उज्ज्वल परंपरा’ वगैरे. नाव ऑफिसातून दिलेलं, आणि त्यांच्याकडे पहिल्या बोनाफाईडची प्रत अजून होती. कुमार मृण्मयी यांचे हार्दिक अभिनंदन. शिपाईमामा खाली उभं राहून मान वर करून वाचत होते.