चालता पखवाज

पुणं सोडलं की हडपसरपर्यंत पखवाज जड वाटत नाही. वडकी मागे पडते, दिवेघाट समोर येतो आणि गळ्यातला पट्टा मानेत रुतायला लागतो. पुणे ते सासवड ही माउलींच्या सोहळ्यातली सगळ्यात लांब मजल, ३० किलोमीटरच्या आसपास. त्यात नेमकी एकादशी, म्हणजे पोटात भगर आणि शेंगदाणे. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. मृदंग्याला कोण जुंपणार?

मी घणसोलीचा. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात सापडल्या. आमच्याकडची भातशेती गेली, मिठागरं गेली. देवळातला सप्ताह तेवढा राहिला. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात पाळी करायची आणि रात्री भजनाला बसायचं, अशी माझी उमेदीची वर्षं गेली.

पण लय कानात पडली ती त्याच्याही आधी. आये धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात पूर्वी भटजी नसायचा, धवलारीणच धवले गाऊन लग्न लावायची. ढोलकी नाही, टाळ नाही, नुसता गळा. ती गायला बसली की मी शेजारी पाटावर बोटं बडवायचो. ती गाणं न थांबवता हातानं दाबायची आणि कडवं संपलं की म्हणायची, "बाला, मांगशी ये. पुरं धावू नको."

तरुणपणी मी पुढेच धावलो. भजनस्पर्धांत मृदंगाला टाळ्या पडतात त्या द्रुत लयीला, एकच बोल तीनदा घेऊन संपवायच्या तिहाईला. गावोगाव नाव झालं, हळदीच्या सुपाऱ्याही आल्या. त्याचं मला वाईट वाटत नाही. त्याच पैशांत मुलांच्या शाळा झाल्या. आता हळदीला बेंजो आणि डीजे असतो, पखवाज कुणी विचारत नाही.

वारीत मात्र हिशेब वेगळा. बसून वाजवताना लय मांडीवर असते, चालताना ती पायात उतरते. आणि पाय माझ्या एकट्याचे नसतात. मध्ये विणेकरी, आजूबाजूला टाळकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या. हात चढला की टाळ चढतात, टाळ चढले की पावलं चढतात आणि मागची म्हातारी धापा टाकते. घाटात तर अभंगाची चालही दमानं घ्यावी लागते. गायकानं चरण लांबवला की मी थाप सोडून देतो, नुसत्या टाळांवर चार पावलं जाऊ देतो. स्पर्धेत असं केलं असतं तर परीक्षकांनी गुण कापले असते.

पाऊस आला की खरी कसोटी. पुडीचं चामडं ओलावतं, स्वर उतरतो. मग झाडाखाली उभं राहून हातोडीनं लाकडी गट्टे ठोकायचे, चामड्याच्या वाद्या ताणायच्या. डाव्या तोंडाची कणीक पाण्यानं सुटते, ती पुन्हा मळून लावायची. स्वयंपाकाच्या ट्रककडे कणीक मागायला गेलो की तिथल्या बाया ठरलेलं बोलतात, "बुवा, देवाला घाला, पण चार पोळ्यांपुरतं ठेवा!"

संध्याकाळी तळावर समाजआरती असते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, टाळमृदंगांचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंच करतात आणि एका क्षणात सारं गप्प. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात, मगच तिचे टाळ थांबतात. मला हे फार आवडतं. भांडायचं तेही वाजवूनच! बाकी हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ, हे सारं तिथंच पुकारतात.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना दिंड्या आणि मधल्या वाटेनं अश्व धावतात. तेव्हा मात्र मी हात आवरत नाही, कुणीच आवरत नाही. रिंगण झालं की बोटं सुजलेली असतात, त्यांना खोबरेल चोळायचं.

यंदा गावातली दोन पोरं सोबत होती. पंढरपूर जवळ आलं तसा, वाखरीच्या पुढे, पखवाज त्यांच्याच गळ्यात दिला. एकाचा हात गोड आहे, पण पळतो. परतल्यापासून तो देवळात शिकायला येतो. त्याला अजून पखवाजाला हात लावू दिलेला नाही. आधी हातात टाळ, तोंडानं बोल आणि देवळाभोवती फेऱ्या. त्याची आई परवा विचारत होती, "बुवा, यो शिकतंय का नुसता फिरतंय?"