अँटवर्पमध्ये मामाच्या केसेस

आमच्या घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक लाकडी ट्रे टांगलेला आहे. उथळ, लहानमोठ्या खणांचा, आणि प्रत्येक खणात काहीतरी चिमुकलं: चिनीमातीचा बूट, पवनचक्की, शिंपला, अंगठ्याएवढं घुबड. आइंडहोवनमध्ये राहायला लागून मला चार वर्षं झाली. असा ट्रे मी इथल्या बऱ्याच घरांत पाहिलाय, विशेषतः आजीआजोबांच्या भिंतींवर. त्याला 'लेटरबाक' म्हणतात. लेटर म्हणजे अक्षर आणि बाक म्हणजे ट्रे, एवढं डच मला येतं. तरी डोक्यात प्रकाश काही पडला नव्हता.

तो पाडला मामाने. साताऱ्याहून येऊन त्याला एकच दिवस झाला होता. बाईंनी चहाला बोलावलं, मामा कप घेऊन भिंतीपाशी गेला, कप टेबलावर ठेवला आणि घुबडाच्या खणात बोट घालून आतली कड चाचपायला लागला. मी घाबरले, म्हटलं आता घुबड फुटणार.

"ही केस आहे," मामा म्हणाला.

"कसली केस?"

"कसली म्हणजे? खिळ्यांची. छापखान्यातली. यांनी घुबडं भरलीत तिच्यात."

मामा एकतीस वर्षं कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, होता. डीटीपी आलं, जुळणी संगणकावर गेली, छापखान्याच्या मालकाने खिळे किलोवर मोडीत घातले, हिशेबाचे पैसे बुडवले, त्यावरून मामाने कोर्टात दावा लावला आणि तो हरला. त्यावर त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे: "डोक्यावरचे केस गेले, छापखान्यातल्या केसेस गेल्या, कोर्टातली केस पण गेली." हे वाक्य त्याने बाईंनाही ऐकवायला सांगितलं. मी प्रयत्न केला. डचमध्ये त्याचं काहीही होत नाही.

छापखाना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खिळा म्हणजे शिशाची बोटभरही नसलेली उभी कांडी, डोक्यावर उलटं अक्षर. असे हजारो खिळे ज्या खणाखणांच्या लाकडी ट्रेमध्ये असतात ती केस. केस तिरप्या घोडीवर ठेवतात आणि कंपोझिटर तिच्यासमोर उभा राहतो. डाव्या हातात स्टिक, म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेली लांबट पट्टी. उजवा हात केसमधून खिळा उचलतो, स्टिकमध्ये ठेवतो, डावा अंगठा तो दाबून धरतो. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, ती बोटाला लागली की खिळा सुलटा आहे की उलटा हे न बघता कळतं. स्टिक भरली की ओळी गॅलीवर, म्हणजे कडा असलेल्या लांबट ताटात, उतरवायच्या. पान झालं की दोऱ्याने बांधायचं. मग लोखंडी चौकटीत आवळलं की फर्मा तयार.

माझ्या लहानपणीच्या सुट्ट्या मामाच्या छापखान्यात गेल्या. त्याच्यापुढे मराठीच्या चार केसेस असायच्या, दोन समोर आणि एकेक दोन्ही अंगांना, कमानीसारख्या. इंग्रजीचं काम दोन केसेसमध्ये भागतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, हे सगळं बसवायचं म्हणजे खण पुरत नाहीत. लग्नसराईत 'श्री'चा खण सगळ्यात आधी रिकामा व्हायचा. मग मामा छापून झालेल्या कुठल्यातरी पत्रिकेचा दोरा सोडून त्यातला श्री काढून घ्यायचा. एका लग्नाचा श्री दुसऱ्या लग्नाला.

सात वर्षांची असताना मी एक बांधलेलं पान गॅलीसकट पाडलं. जत्रेची जाहिरात होती, कुस्त्यांच्या इनामांसकट. शिसं फरशीवर पडल्याचा तो आवाज मला अजून आठवतो: खणखणाट नाही, दबका, गारा पडल्यासारखा. मामा मला एक शब्द बोलला नाही. रात्री साडेदहापर्यंत जमिनीवर बसून एकेक खिळा उचलून केसमध्ये टाकत होता आणि मालकाने त्या दिवसाची मजुरी कापली. हे मला आईने लग्नानंतर सांगितलं.

तर त्या घुबडामुळे ठरलं की अँटवर्पला जायचं. आइंडहोवनहून गाडीने तास-सव्वा तास. तिथे प्लांटिन-मोरेटुस नावाचं छापखान्याचं संग्रहालय आहे, ही माझ्या यादीत कधीपासून पडून असलेली जागा. मामाला कॅनॉल, ट्यूलिप वगैरे दाखवून झालं होतं. त्याने ट्यूलिपबद्दल 'बरी आहेत' एवढंच म्हटलं होतं.

शुक्रवारी निघालो, त्यामागे खास विचार नव्हता. संग्रहालय ज्या चौकात आहे त्याचं नावच शुक्रवारचा बाजार. सकाळी तिथे जुन्या सामानाचा लिलाव चालतो आणि ही चाल सोळाव्या शतकापासूनची आहे. आम्ही पोचलो तेव्हा एक माणूस गाद्या, दिव्यांच्या शेड्स आणि चिनीमातीच्या ताटल्या एकेक करून विकत होता. मामाने सगळ्या ढिगाभोवती एक फेरी मारली. "केस नाही," म्हणाला, आणि आत चालायला लागला.

क्रिस्तॉफ प्लांटिन मूळचा फ्रान्सचा, पुस्तकं बांधणारा. अँटवर्पला येऊन त्याने 1555 मध्ये छपाई सुरू केली, 1576 मध्ये या चौकातल्या घरात आला. ऐन भरात त्याच्याकडे 16 छापयंत्रं होती. पुढे जावई यान मोरेटुस आणि त्याच्या वंशजांनी तोच धंदा, त्याच घरात, तीनशे वर्षं चालवला. 1876 मध्ये शेवटच्या मालकाने घर, यंत्रं, खिळे, हिशेबाच्या वह्या, सगळं शहराला विकलं. 2005 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतलं. म्हणजे इथे काही गोळा करून आणून मांडलेलं नाही. जे होतं ते आहे तिथेच राहिलंय. मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "आपल्याकडे तिसऱ्या पिढीला वाटण्या होतात."

मधे चौक, भिंतीवर चढलेली द्राक्षाची वेल, भोवती खोल्या. श्रीमंती खोल्या मी भराभर मागे टाकल्या: भिंतींना सोनेरी कातडं, रुबेन्सने काढलेली घरच्या माणसांची चित्रं. रुबेन्स या घराचा दोस्त होता. चांगलंच आहे. पण मामा प्रूफं तपासणाऱ्यांच्या खोलीत थांबला. खिडकीशी ओकचं भलंमोठं मेज, समोरासमोर बसायला बाकं. "खिडकीची जागा कंपोझिटरला द्यायला पाहिजे, हे प्रूफरीडरला देऊन बसलेत," असं त्याचं मत पडलं. प्रूफरीडरांविषयी त्याच्या मनात जुनं काहीतरी आहे. मी विचारलं नाही.

पुढे वापरात नसलेले खिळे ठेवायची खोली आहे, आणि तिच्यापुढे छापखाना. लांबट दालन. एका अंगाला लाकडी छापयंत्रं ओळीने उभी, टोकाला दोन सगळ्यात जुनी, साधारण 1600 च्या सुमाराची. जगात शिल्लक असलेली ही सर्वांत जुनी छापयंत्रं. साहजिकच सगळे पर्यटक तिकडे, फोन वर करून. आणि दुसऱ्या अंगाला, खिडक्यांच्या बाजूला, केसेस. तिथे कुणी नव्हतं. मामा तिथे गेला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला, देवळात गाभाऱ्यासमोर राहतात तसा.

"खिडकी दिलीय," तो म्हणाला. प्रूफरीडरवरचा राग गेला.

मीही जवळ जाऊन बघितलं. खणांच्या भिंती पातळ लाकडाच्या. आत करडं शिसं. मोठे खण मध्यभागी, हाताशी. ज्या अक्षराचं काम जास्त, त्याचा खण मोठा आणि जवळ. क्वचित लागणारी अक्षरं कडेला. वर्णमालेचा क्रम इथे बघत नाहीत, हाताची चाल बघतात. मामा डोळ्यांनी मोजत होता. खणांच्या पुढच्या कडा बघ म्हणाला, तिथे लाकूड गुळगुळीत होतं, आत जाणारा हात रोज घासतो तिथे. हे मला एकटीला कधीच दिसलं नसतं. यंत्रावर सगळ्यांची नजर जाते कारण ते हलतं. पण यंत्र दाब देतं, इतकंच. अक्षर कुठे आहे ते या पेट्यांना माहीत असतं, आणि पेटीपुढच्या माणसाला.

प्लांटिनचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे 1568 ते 1573 मध्ये छापलेलं आठ खंडांचं बहुभाषी बायबल. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी, सिरियॅक. मामाने लगेच हिशेब मांडला: प्रत्येक लिपीच्या केसेस वेगळ्या, त्यात लहानमोठे टाईप म्हणजे प्रत्येक आकाराच्या आणखी वेगळ्या, त्यात हिब्रू उजवीकडून डावीकडे. "शंभर केसेस तरी पाहिजेत." हा त्याचा आकडा, संग्रहालयाचा नाही. शिवाय शिसं महाग, तेव्हा सगळं पुस्तक जुळवून ठेवायचं कुणाला परवडत नसे. काही पानं जुळवायची, छापायची, खिळे पुन्हा केसमध्ये टाकायचे आणि तेच खिळे पुढच्या पानांना. आमच्या 'श्री'सारखंच की! मामाला याचं नवल वाटलं नाही, मला वाटलं.

आणि एक गोष्ट मीच त्याला सांगितली. प्लांटिनने छपाई सुरू केल्याच्या पुढच्याच वर्षी, 1556 मध्ये, गोव्यात छापखाना उतरला. हिंदुस्थानातला पहिला. तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, राहिला गोव्यात. तिथेच पुढे 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, भाषा मराठी पण अक्षरं रोमन, कारण देवनागरी खिळेच नव्हते.

मामा बराच वेळ केसकडे बघत राहिला.

"म्हणजे आपली मराठी पहिल्यांदा यांच्या केसमधून निघाली," तो म्हणाला. "दोनच केसमध्ये भागवली बिचारीला."

वरच्या मजल्यावर ओतशाळा आहे, खिळे ओतायची. पोलादी ठसे, तांब्याचे साचे, गारामाँ आणि ग्राँजाँ या ठसे कोरणाऱ्या मोठ्या कारागिरांचं काम. मामा इथे मात्र झटकन फिरला. त्याच्या लेखी खिळे मुंबई-पुण्याहून पार्सलने येत, ओतणं हे दुसऱ्याचं खातं. 1576 च्या नोव्हेंबरात स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटलं तेव्हा प्लांटिनला घर वाचवायला पुन्हापुन्हा खंडणी द्यावी लागली, ही गोष्ट त्याला जास्त भावली. "शिसं घेऊन पळता येत नाही," तो म्हणाला.

दिवसभरात एका खिळ्यालाही हात लावता आला नाही. बरोबरच आहे, चारशे वर्षांची वस्तू. पण परतीच्या रस्त्यावर मामा उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासत होता.

घरमालकीणबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्या मागच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांच्या गॅरेजमध्ये छापखाना आहे की. नेदरलँड्समध्ये हौसेने खिळे जुळवून छापणारी अशी बरीच माणसं आहेत, हे मला तेव्हा कळलं. रविवारी गेलो. गॅरेजमध्ये सायकली, एक हातछपाईचं यंत्र आणि खणांचं कपाट, ज्यात केसेस टेबलाच्या ड्रॉवरसारख्या एकावर एक. मास्तरांनी एक ओढून बाहेर काढली, घोडीवर ठेवली. तेल आणि शाईचा वास आला. त्यांनी मामाच्या हातात स्टिक दिली.

मामाचा डावा अंगठा आपोआप आत गेला. मग उजवा हात केसवर गेला, एका मोठ्या खणाकडे, थेट, न बघता. उचललेला खिळा त्याने डोळ्यांजवळ नेला.

"हा ई नाही."

इंग्रजी केसमध्ये ई जिथे असतो तिथे डच केसमध्ये नव्हता. मांडणी वेगळी. मास्तर हसून काहीतरी समजावायला लागले, मामाने मान हलवली आणि पाच मिनिटं नुसती केस वाचली. मग जुळवायला लागला. सावकाश, मधेच थबकत, पण दोनदाच चुकला. पुरता उलटा मजकूर मला वाचता येईना. यंत्रावरून कागद निघाला तेव्हा बघितलं. रोमन अक्षरांत, बारीक, एका ओळीत: आमचे येथे श्रीकृपेकरून.

मास्तरांनी कागद दोरीवर वाळत घातला, कॉफी घ्यायला चला म्हणाले. खिळे मी नंतर सोडेन, राहू देत, असं त्यांनी खुणेनेच सांगितलं. मामाने ऐकलं नाही. जुळवलेली ओळ डाव्या हातात उभी धरली, उजव्या हाताने एकेक शब्द उचलून अक्षरं खणांत टाकू लागला. टक, टक, टक. कॉफी आत थंड होत होती. शेवटी एकच खिळा उरला, के. त्याचा खण मामाला आठवेना. त्याने तो चिमटीत धरून मास्तरांकडे बघितलं आणि मास्तरांनी बोटाने केसची वरची डावी कड दाखवली.