स्वस्तातलं रीळ आणि अर्धा किलो तूरडाळ

वालावलला आमच्या घरी रीळ म्हटलं की आईच्या शिलाई मशीनवरचं. बाबा कर्लीवर गरवायला जायचे तेव्हा तंगूस एका काचेच्या बाटलीला गुंडाळलेलं असायचं. मासा लागला की बाटली पायाशी ठेवायची आणि हातांनी हळूहळू तंगूस आत घ्यायचं, ताण वाढला की बोटांतून सोडायचं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला आल्यावर मी फ्लाय फिशिंग (फ्लाय म्हणजे गळाला लावायचा हलका नकली किडा) शिकले, आणि रीळ विकत घ्यायची वेळ आली तेव्हा बाबांची ती बोटं माझ्या फार कामी आली.

पहिलं रीळ काठीबरोबर एकाच खोक्यात आलं होतं. गेल्या वर्षी मे महिन्यात केन लॉकवुड गॉर्जमध्ये, रॅरिटन नदीच्या साउथ ब्रँचवर, एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला ब्राउन ट्राउट लागला. तो प्रवाहाबरोबर खाली पळाला, माझ्या हातातली मोकळी लाइन (गळाची दोरी) संपली आणि ताण रिळावर आला. रीळ क्षणभर अडलं, मग हिसका देऊन सुटलं. तेवढ्यात टिपेट, म्हणजे लाइनच्या टोकाचा फ्लाय बांधायचा बारीक धागा, तुटला. 5एक्सचा टिपेट म्हणजे जेमतेम 0.15 मिलिमीटर जाडीचा धागा, त्याला असा हिसका सोसत नाही. मला फार वाईट वाटलं, कारण मासा तोंडात फ्लाय घेऊन गेला होता.

घरी आल्यावर ते रीळ ओट्यावर उघडलं. ड्रॅगची, म्हणजे लाइन सुटताना रिळाला आवरणाऱ्या ब्रेकची, चकती कोरडी पडली होती आणि एका बाजूला घासून चकाकत होती. घट्ट केलं की जाम, सैल केलं की नुसतं फिरतंय, मधलं काही नाहीच.

मग दुसरं शोधताना माझी बहुतेक जुनी समजूत बदलली. लहान नदीत ट्राउट धरताना दहातले आठ-नऊ मासे मी हातानेच लाइन ओढून आणते, रिळापर्यंत गोष्ट जातच नाही. म्हणून 300-400 डॉलरचं रीळ घ्यायची मला गरज वाटत नाही. फ्लायला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं, ती लांब जाते लाइनच्या वजनावर. 5 नंबरच्या (हा नंबर वजनाचा) लाइनचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात, आणि ते 9 ग्रॅम नीट उलगडले तरच फ्लाय पाण्यावर अलगद उतरते. वाचलेले पैसे लाइनवर घाला, असं मी कुणालाही ठामपणे सांगेन.

पण उरलेल्या त्या एखाद्या माशासाठी रीळ सुरू कसं होतं, ते बघायलाच हवं. ड्रॅग किती घट्ट होतो हे दुकानदार कौतुकाने दाखवतात. मी उलटं बघते. लाइन चिमटीत धरून अगदी सावकाश ओढायची. पहिल्या इंचाला बोटाला अडखळ लागली तर रीळ परत ठेवायचं.

घरी आणल्यावरची माझी परीक्षा तूरडाळीची. लाइनच्या टोकाला अर्धा किलोची पिशवी बांधायची (5एक्स साधारण दोन किलोला तुटतो, त्याचा हा पाव हिस्सा), रीळ उंच धरायचं आणि ड्रॅग हळूहळू सैल करत जायचं. जुन्या रिळावर पिशवी लटकून राहिली, मग एकदम वीतभर खाली आली, पुन्हा थांबली. नव्या रिळावर ती विहिरीत घागर सोडावी तशी न अडखळता खाली उतरली. हे नवं रीळ ओतीव ॲल्युमिनियमचं आहे, 60 ते 100 डॉलरच्या दरम्यान अशी बरीच मिळतात. सबंध ठोकळ्यातून कोरून काढलेली रिळं जास्त मजबूत, पण महाग. ओतीव रीळ दगडावर आपटलं तर कड वाकू शकते किंवा तडकू शकते, म्हणून मी ते नदीकाठी खडकावर टेकवत नाही.

स्पूलचा, म्हणजे लाइन गुंडाळायच्या चकरीचा, गाभा मात्र मोठा घ्या. एक इंची गाभ्यावर एका वेढ्यात 8 सेंटिमीटर लाइन गुंडाळली जाते, अडीच इंचीवर 20. शिवाय लाइनला बारीक वेटोळी पडत नाहीत. ड्रॅग पूर्ण बंदिस्त असण्यासाठी जादा पैसे समुद्रावर जाणाऱ्यांनी मोजावेत, गोड्या पाण्यात मला ती गरज पडलेली नाही. स्पूलला भोकं असतात ती शोभेसाठी नव्हेत. व्हरमाँटच्या चार्ल्स ऑर्व्हिस यांनी 1874 मध्ये पेटंट घेतलेल्या रिळालाही ती होती: वजन कमी होतं आणि ओली लाइन वाळते. माझं डाव्या हाताने फिरवायचं, म्हणून आतलं वन-वे (एकाच दिशेने मोकळं फिरणारं) बेअरिंग उलटं बसवून घेतलं. पाच मिनिटांचं काम.

यंदाच्या मेमध्ये त्याच धोंड्याखाली रेनबो ट्राउट लागला. लाइन सरसरत सुटत गेली, कुठेही अडखळली नाही. मासा जाळ्यात आला, ओल्या हातांनी फ्लाय काढली आणि त्याला पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरलं. थोड्या वेळाने शेपटी हलवून तो निघून गेला.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर रीळ दाखवलं. "मासो सोडलंस कित्याक गो?" हे आधी झालंच. मग म्हणाले, फोनजवळ धर. मी लाइन सावकाश ओढली. ते डोळे मिटून आवाज ऐकत होते.

"परत ओढ," म्हणाले.