डावीकडची मी

लेक काल रात्री पाणी प्यायला उठली, जाता जाता माझ्या मागे थांबली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, डावीकडची किती दमलेली दिसते गं." आणि झोपायला गेली. मला मात्र त्यानंतर झोप नाही.

स्क्रीनवर माझेच दोन फोटो, अर्धे अर्धे कापून एका चेहऱ्यात जोडलेले. डावीकडची म्हणजे १९९७ मधली मी. उजवीकडची आत्ताची. तिने उलट म्हटलं असतं तर काही वाटलं नसतं, त्याची मनाची तयारी करूनच बसले होते. चार दिवस त्याच तर गोष्टी बघत होते. हनुवटीखालचं सैल पडलेलं, भुवयांमधली उभी रेघ, कानाची पाळी केवढी लांबलीय. दोन चेहरे एकावर एक ठेवताना मी डोळ्यांच्या बाहुल्या जुळवून घेतल्या, कारण मोठेपणी दोन बाहुल्यांमधलं अंतर फारसं हलत नाही. त्या एकदा जुळल्या की बाकीचं काय काय खाली उतरलं ते आपोआप दिसतं. नाकाचा शेंडासुद्धा उतरतो, हे मला माहीत नव्हतं. ओपॅसिटी, म्हणजे वरच्या चेहऱ्याचा दाटपणा, अर्ध्यावर आणली की एका नाकाखाली दुसरं नाक. रडू आलं होतं मला, खोटं कशाला सांगू. तो जुना फोटो घरात ज्याने ज्याने बघितला त्याने 'काय दिसायचीस तू' असंच म्हटलंय. मीही इतकी वर्षं त्याच्याकडे हेव्याने बघत आले. आणि ही म्हणते दमलेली.

फोटो नौपाड्यातल्या जुन्या घराच्या व्हरांड्यातला. दादाचा याशिका स्टुलावर, त्याखाली उंचीसाठी टेलिफोन डिरेक्टरी. टायमरचा खटका ओढला की कॅमेरा करकर करायचा आणि दहाएक सेकंदांत धावत जाऊन बाकावर बसायचं. रोल छत्तीसचा, धुण्याचे पैसे वेगळे, त्यामुळे एका पोझला एकच फोटो. त्याची प्रिंट आता पार तांबूस झालीय. तिच्यातला निळसर रंग उडाला आणि लाल मागे उरला. निगेटिव्ह मात्र बटर पेपरच्या पाकिटात बरी निघाली. ठाण्याच्या दमट हवेत एका कडेला बुरशी धरलीय, पण चेहरा शाबूत. टॅबवर कोरी पांढरी स्क्रीन लावली, मध्ये काच ठेवून निगेटिव्ह वर धरली (नाहीतर स्क्रीनची जाळी उमटते) आणि फोनने टिपली. रंग उलटे केले तर चेहरा निळा! निगेटिव्हचा पाया नारिंगी असतो, उलटला की निळा होतो. तो निळा काढत काढत कातडीचा रंग परत आणण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. पण आला तेव्हा अंगावर काटा आला. ओढणीचा तो रंग मी पार विसरले होते.

आत्ताचा फोटो त्याच जागी काढायचा होता. जागा तीच आहे म्हणायची, फक्त इमारत उभी राहिल्यावर ती नवव्या मजल्यावर गेली. हातात धरून सेल्फी काढला तर नाक मोठं येतं, कान मागे पडतात, जुन्याशी जुळतच नाही. म्हणून फोन हॉलमध्ये स्टँडवर, व्हरांड्यात होता तेवढ्याच अंतरावर, आणि मी बाल्कनीच्या दारात. टायमर यातही दहा सेकंदांचा, फक्त करकर नाही. सगळं जुळलं, उजेड जुळला नाही. तेव्हा तो आंब्यातून गाळून एका बाजूने यायचा. आता समोरून सरळ सगळं आकाशच घरात येतं.

म्हणून काल लेक गेल्यावर आधी उजेडालाच दोष दिला. डावीकडच्या चेहऱ्यात डोळ्याखाली सावली आहे, म्हणून दमलेली वाटते, झालं. गिम्पमध्ये, म्हणजे फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये, तेवढाच भाग उजळला, मऊ ब्रशने हळूहळू. सावली गेली. दमणूक तिथेच. मग वाटलं, धावत येऊन बसलीय, धाप लागली असेल. १८३९ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचा फोटो काढला, जगातल्या अगदी पहिल्या आत्मचित्रांपैकी एक, त्यातही तो जरा एका बाजूला बसलाय, केस विस्कटलेले. कॅमेऱ्यामागे कुणी नसलं की माणूस असाच सापडणार. पण धाप लागलेल्या माणसाचं तोंड किंचित उघडं असतं. हिचे ओठ घट्ट मिटलेले आहेत.

मग तळहाताने उजवी बाजू झाकली आणि फक्त तिच्याकडे बघत बसले. पूर्ण फोटोत ती हसतेय असंच मला कायम वाटत आलं. अर्धाच चेहरा ठेवला की कळतं, हसतोय तो दुसरा अर्धा, जो मी कापून टाकलाय. या अर्ध्यात ओठाचा कोपरा जागचा हललेला नाही. गळ्याजवळचं हाड वर आलंय. मोठं करून बघितलं तर बाकाची कड धरलेली बोटं दिसली, पेरं पांढरी पडलीत. फिल्मचे दाणे दिसेपर्यंत मोठं केलं, तरी पांढरीच.

त्या मे महिन्यात अण्णांना घरी आणलं होतं. बाकीचं लिहायला नको.

चित्रकार विवान सुंदरम यांनी आजोबांच्या, उमरावसिंग शेरगिलांच्या, जुन्या फोटोंवर संगणकावर काम करून २००१-०२ च्या सुमारास जी चित्रं केली, त्यांच्यामुळेच हे करून बघावंसं वाटलं होतं मला. मावशी, चित्रकार अमृता शेरगिल, गेली १९४१ मध्ये, यांचा जन्म १९४३ चा. कधी भेट नाही, आणि तरी तिच्या वेगवेगळ्या वयांना एका खोलीत आणून बसवलं. मला ते बघताना वाटायचं, किती मायेने केलंय. माया करणं जमतं, कारण ती दुसरी कुणीतरी असते. स्वतःच्या जुन्या चेहऱ्यावर मी माया केलीच नाही कधी. हेवाच केला. केस हेवा करण्यासारखे होते, कंबर होती, आणि ती बोटं बाकावर काय करतायत हे एकदाही विचारलं नाही.

आज सकाळी ऑफिसला जाताना, घंटाळीच्या सिग्नलला रिक्षात बसल्या बसल्या, एकदम हलकं वाटलं. हेवा करायला तिथे कुणी नव्हतंच. जिच्याकडे सगळं होतं अशी कुणी मागे राहिलेली नाही, आणि मी तिच्यापासून घसरत घसरत इथवर आलेली नाही. कानाची पाळी लांबलीय, ते काही परत येणार नाही, राहू दे. उजवीकडच्या अर्ध्यात ओठ सैल आहेत. ते मी आज पहिल्यांदा नीट बघितलं आणि मला ते आवडले.

संध्याकाळी येऊन डोळ्याखालची उजळलेली सावली पूर्ववत केली. मधली शिवण पुसणार होते, इतकी सफाईदार की कुठे जोडलंय ते कळू नये, तेही सोडलं. उजेड दोन बाजूंनी येतोय तर येऊ दे.

आता दादाला पाठवते. न्यू जर्सीत सकाळ झाली असेल. तो त्या महिन्यात घरी होता, स्टूलही त्यानेच लावून दिलं होतं. अण्णांबद्दल आम्ही आजवर फोनवर कधी बोललो नाही. त्याला आधी एवढंच विचारणार आहे, की तेव्हा मी रात्री झोपत होते का, आणि तो झोपत होता का.