रापणकरांच्या माहितीपटाचा ट्रेलर करताना

मालवणच्या किनाऱ्यावरील रापणकरांवर, म्हणजे होडीतून समुद्रात सोडलेले मोठे जाळे (रापण) किनाऱ्यावरून दोरांनी ओढणाऱ्या मच्छीमारांवर, आम्ही काही मित्रांनी मिळून माहितीपट केला. त्याचे संकलन माझ्याकडे होते, त्यामुळे ट्रेलरही माझ्याच गळ्यात पडला. प्रेक्षक आधीच खुर्चीत येऊन बसला आहे, असे गृहीत धरून माहितीपट चालतो. ट्रेलरला मात्र त्याला घरातून उठवून आणायचे असते, म्हणजे दोन-सव्वादोन मिनिटांत उघडउघड मन वळवायचे असते. ॲरिस्टॉटलने मन वळवण्याचे जे तीन मार्ग सांगितले आहेत – बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातील तर्क – त्यांनुसार मी हाताशी असलेले सगळे चित्रीकरण वेगळे काढायला घेतले.

ओळखीचा चेहरा, आधी गाजलेल्या चित्रपटाचा उल्लेख, महोत्सवांतील पुरस्कार यांवर मोठ्या चित्रपटांची विश्वासार्हता उभी राहते. आमच्यापाशी यांतले काहीच नव्हते. तर्कासाठी दोन गोष्टी होत्या: १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारीबंदी आणि राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळायच्या मोठ्या जाळ्याने केलेल्या) मासेमारीवर घातलेले निर्बंध. त्यांच्या दोन पाट्या केल्या, कारण ट्रेलर पाहणारा माणूस याहून अधिक वाचत नाही. भावनेसाठी मात्र सामग्री ओसंडून वाहत होती. (कोकण म्हटले की माड, मावळता सूर्य आणि जमल्यास एखादे भूत हवेच, हा सल्ला आम्हांलाही फुकट मिळाला होता.)

पहिला कच्चा ट्रेलर आम्ही दांडी किनाऱ्यावरच्या काही रापणकरांना दाखवला आणि नंतर मुंबईत राहणाऱ्या, मूळच्या त्याच भागातल्या काही चाकरमान्यांना. सुरुवातीच्या दृश्यात वाळूवर दोन बाजूंना उभी असलेली माणसे जाळ्याचे दोर ओढत आहेत आणि चित्राबाहेरून एका म्हाताऱ्याचा आवाज येतो, ‘रापण ओढूक आता माणसा खंय रवली?’ मुंबईच्या मंडळींचे डोळे या एका वाक्यावर पाणावले आणि पुढचे त्यांनी फारसे पाहिलेच नाही. रापणकर मात्र त्याच दृश्यात पुढे सरकून बसले. होडी जाळे कुठून सोडत आली असेल, वारा कुठला आहे, दोर धरणारे खरोखरचे रापणकर आहेत की उभे केलेले, हे ते तपासत होते. जे दृश्य मी भावनेच्या भागात ठेवले होते, ते गावातल्या प्रेक्षकाने पुरावा म्हणून वाचले आणि तो पुरावा पटल्यावरच पुढच्या पाट्यांवर विश्वास ठेवला. ट्रेलरमधील आवाहन चित्रात भरून ठेवलेले नसते, ते पाहणाऱ्याच्या आठवणीत आणि व्यवसायात अर्धे तयार असते, हे मला पुस्तकातून इतके स्पष्ट कळले नव्हते.

पुढचे बहुतेक निर्णय यावरून झाले. संगीत करणाऱ्या मित्राने ठेक्याशी जुळावे म्हणून दोर ओढण्याची गती वाढवली होती. इतक्या झपाट्याने कोणी ओढत नाही, असे एका वयस्क रापणकराने म्हणताच आम्ही मूळ गती ठेवून ठेकाच संथ केला. खर्जातल्या आवाजातील प्रमाण मराठी निवेदनही गेले, कारण ते आले की गावचे लोक पाहुण्याचे भाषण ऐकावे तसे सावरून बसत. मालवणी संवादांखाली प्रमाण मराठीत ओळी देऊन भागले.

खरा वाद झाला तो तौक्ते वादळावरून. मे २०२१ मधील त्या वादळाची स्थानिकांनी मोबाइलवर टिपलेली दृश्ये आमच्याकडे होती आणि भीतीइतके लवकर लक्ष वेधणारे दुसरे काही नसते. तथापि, माहितीपटात वादळाचा उल्लेख एका वाक्यापुरता आहे. दिग्दर्शकाने यावर कायद्याचा दाखला दिला. २०१६ च्या ‘फॅन’ या चित्रपटाच्या ट्रेलरमधील गाणे प्रत्यक्ष चित्रपटात नसल्याबद्दल एका प्रेक्षकाला ग्राहक आयोगाने दहा हजार रुपयांची भरपाई देवविली होती; एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून, ट्रेलर म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार नव्हे, असे स्पष्ट केले. दाखला बिनचूक होता, पण आमचा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात भेटणार होता आणि तो आयोगाकडे न जाता थेट आम्हांलाच विचारणार होता. वादळाची दृश्ये मी काढून टाकली. त्यांच्या जागी, ओढून आणलेल्या जाळ्यात मूठभर तारली निघतात ते दृश्य घेतले आणि त्यावर काही क्षण संगीत पूर्ण थांबवले.

चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो आणि मुख्य काम कागदपत्रे नीट जोडण्याचे असते, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे.

शेवटची पाटी आम्ही दोन प्रकारे केली. मुंबईकडच्या ट्रेलरमध्ये मे महिन्यातील तारीख मोठ्या अक्षरांत ठेवली, कारण चाकरमानी सुट्टीला गावी कधी यायचे ते तारखेवरून ठरवतो. गावच्या ट्रेलरमध्ये तारीख लहान केली आणि वर रापण संघांची नावे दिली. आपल्या संघाचे नाव आहे का, हे पाहण्यासाठी लोकांनी ट्रेलर पुन्हा लावायला सांगितला.