दीक्षाभूमीवर दुमडलेलं पान

नागपूरला गेले होते ती एका परिसंवादासाठी. विषय होता मार्क्सवादी विचारात शिकलेल्या माणसाची जागा. विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी उतरले, तर्री पोहे खाल्ले (तर्रीने डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी प्लेट घेतली) आणि दोन दिवस एका थंडगार सभागृहात बसले. त्या दोन दिवसांतलं एकच सांगते. माइक लावणारा मुलगा सकाळी आठपासून उभा होता. जेवायच्या वेळी तो ताट घ्यायला आला, तर त्याला ‘आधी पाहुण्यांचं होऊ द्या’ म्हणून मागे सारलं. सभागृहात तेव्हा नुकतीच श्रमिकांच्या बाजूने भाषणं झाली होती. मी संयोजकांशी बोलायला हवं होतं. बोलले नाही, जेवत राहिले. ते अजून डाचतं.

दसरा दोन दिवसांवर होता, म्हणून मुक्काम वाढवला आणि दीक्षाभूमीवर गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जिथे धम्म स्वीकारला, तिथे गावोगावची माणसं आधीच येऊन उतरली होती. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, पांढरी लुगडी. गर्दीला मी एरवी घाबरते, इथे तसं वाटलं नाही. कुणी ढकलत नव्हतं, आणि ओळख नसताना पाण्याचा ग्लास पुढे येत होता. रस्त्याच्या कडेने पुस्तकांचे स्टॉल लागले होते. जत्रेत लोक खेळणी घेतात तशी इथे पुस्तकं घेत होते.

एका स्टॉलवर पुस्तकं चाळत होते, तेवढ्यात साठीच्या एका बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

“जयभीम ताई. मले वाचता येत नाही. हे थोडं वाचून दाखवता का? नातीसाठी पाह्यजे, बारावीत हाय.”

दारव्ह्याकडच्या होत्या. लोकांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जातात. बोटांच्या पेरांवर बोंडांचे ओरखडे होते, काही ताजे. दुकानदाराने आधी दिलेलं एक जाडजूड पुस्तक त्यांनी परत केलं होतं. त्याची दोन पानं कुणाकडून तरी ऐकली होती म्हणे, “अजून मुद्द्यावरच नाही आला.” आता हातात बाबासाहेबांची बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावरची पुस्तिका होती. दीक्षेनंतर पाच आठवड्यांनी, २० नोव्हेंबर १९५६ ला, काठमांडूतही ते याच विषयावर बोलले होते.

आम्ही स्टॉलच्या मागे, सावलीत बसलो. मार्क्सच्या मतांपैकी आज काय टिकून आहे ते बाबासाहेब जिथे चार मुद्द्यांत सांगतात, ते पान मी काढलं. जग कसं निर्माण झालं याची चर्चा करत बसण्यापेक्षा जगाची नवी रचना करणं हे तत्त्वज्ञानाचं काम. वर्गावर्गांत हितसंबंधांचा झगडा आहे. खाजगी मालकीमुळे एका वर्गाच्या हाती सत्ता येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला शोषणातून दुःख येतं. समाजाच्या भल्यासाठी ती मालकी जायला हवी. मी एकेक मुद्दा वाचून साध्या शब्दांत सांगत होते. तिसऱ्याला त्या “हाव”, म्हणजे ‘हो’, म्हणाल्या आणि गप्प झाल्या. चौथा संपल्यावर विचारलं,

“मंग मालकी हटवाची कशी? मारून, का समजावून?”

पुढे बाबासाहेब नेमकं तिथेच येतात. बुद्ध आणि मार्क्स यांचं साध्य सारखं आहे, फरक साधनात आहे: हिंसा आणि हुकूमशाही, की माणसाचं मन बदलणं. या बाईंनी तो भाग ऐकला नव्हता. तरी प्रश्न तोच विचारला.

१९०२ मध्ये लेनिनने मांडलं होतं की कामगार स्वतःच्या बळावर युनियनपर्यंत पोचतो, समाजवादी जाणीव मात्र शिकलेल्यांकडून, बाहेरून येते. परिसंवादात यावर तासभर खल झाला. इटलीतल्या कम्युनिस्ट ग्राम्शीने मुसोलिनीच्या तुरुंगात लिहिलं, की विचार प्रत्येक माणूस करतो, विचारवंताचं काम मात्र समाज थोड्यांनाच देतो. हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. ते खरं वाटलं त्या सावलीत. मीसुद्धा तासिका तत्त्वावर राबणारी पगारी मजूरच आहे. डॉक्टर, वकील, कवी पगारी मजूर झाले हे १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातच लिहिलंय. पण माझ्या बोटांना ओरखडे नाहीत. डोकं आणि हात यांच्यातला विरोध मिटेल ही मार्क्सची १८७५ ची आशा होती. त्याच्या नावाने चाललेल्या राज्यांनी ती पुरी केली नाही. रशियाने १९२२ मध्ये विचारवंतांना जहाजांत बसवून देशाबाहेर काढलं. चीनने माओच्या सांस्कृतिक क्रांतीत प्राध्यापकांना भर सभेत अपमानित केलं, खेड्यांत मजुरीला धाडलं. शिकलेल्याच्या हातात खुरपं शिक्षा म्हणून दिलं, तर खुरप्याचाही अपमानच होतो. आणि निंदणाऱ्या बाईच्या हाती पुस्तक कुणी द्यायचं?

नागपूरला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. इथे १८७७ ला एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली. इथल्याच विद्यापीठात अर्थशास्त्रात एम. ए. झालेले कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन गिरणी आणि वीज कामगारांमध्ये अनेक वर्षं राहिले. मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे, तिथे मी पाच मिनिटंही थांबले नाही.

बाईंनी विचारलं, “तुम्ही काय शिकवता?” मी सांगितलं. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, “बाबासाहेब आग्र्याले बोलले होते ना, शिकलेल्यांनी धोका देला म्हनून.” आवाजात राग नव्हता. १८ मार्च १९५६ चं ते भाषण त्यांनी कधी वाचलेलं नाही, ऐकून पाठ आहे. मला माइकवाला मुलगा आठवला. मी त्यांना ते सगळं सांगितलं, माझं गप्प बसणंही. त्या म्हणाल्या, “मंग जेवला का तो?” मला माहीत नव्हतं.

पुस्तिकेचे पैसे मी द्यायला निघाले, त्यांनी हात धरून थांबवलं. कमरेच्या पिशवीतून घडी केलेल्या नोटा काढल्या, मोजून दिल्या. मग पुस्तिका परत माझ्या हातात दिली.

“इथपर्यंत झालं ना? पान दुमडून द्या. नात पुढचं तिथून वाचन.”

मी कोपरा दुमडला.